मामांचा चार्ट आणि 'सामोरे' हा एक शब्द

मागच्या महिन्यात मामांचं जुनं माळवदाचं घर पाडायला घेतलं, घरकुल मंजूर झालंय म्हणून, आणि माती उतरवायच्या आदल्या दिवशी मामेभावानं मला व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला, खाली नुसतं 'हे फेकायचं का?'. फोटोत तुळईला बांधलेली लांबडी गुंडाळी, युरियाच्या पोत्यात घातलेली, वरून सुतळी. मी ऑफिसात होतो, तिथूनच फोन लावला, म्हणलं हात लावू नको, रविवारी येतोय मी.

तो चार्ट होता. मामांचा चार्ट. त्याच्यासमोर बसून माझं अर्धं बालपण गेलंय, आणि उरलेलं अर्धं त्याला घाबरून.

आधी थोडं सांगतो, कारण आमच्या भागात ख्रिस्ती आहेत हेच बऱ्याच जणांना नवीन असतं. पुण्यात कॉलेजला होतो तेव्हा पोरं विचारायची, तू गोव्याचा का रे? अरे बाबा मी परतूरकडचा. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात निजाम सरकारकडून जमीन मिळवून बेथेल नावाची वसाहत उभी केली. ते स्वतः ब्राह्मण, १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, पण त्यांच्याकडे आलेली माणसं बहुतेक गावकुसाबाहेरची. आमचे कुणीतरी पूर्वज त्यातलेच असं आजी सांगायची. बेथेल म्हणजे देवाचं घर, उत्पत्ती २८ मध्ये याकोब उशाला धोंडा घेऊन झोपतो ती जागा. उशाला धोंडा घेऊन झोपायची सवय आमच्या लोकांना आधीपासून होतीच म्हणा.

मामा पाळक, म्हणजे पाद्री, नव्हते. मोसंबीची कलमं बांधायचे, लोकांच्या नर्सरीत, रोजानं. खाली जंभेरीचं खुंट आणि वर मोसंबीचा डोळा, पट्टी गुंडाळायची, पुढचं. हात इतका हलका की मालक लोक लांबून बोलवायचे. आणि सुट्टीच्या दिवशी सायकलच्या दांडीला चार्ट बांधून वस्त्या-वस्त्यांवर शास्त्रपाठ घ्यायला निघायचे.

चार्ट म्हणजे मांजरपाटाचं कापड, दोन माणसांनी दोन टोकं धरावी लागायची एवढं. एका साइनबोर्ड पेंटरकडून ऑइल पेंटनं काढून घेतलेला, तो पेंटर एरवी टॉकीजचे बोर्ड रंगवायचा, त्यामुळं चार्टातल्या देवदूतांचे डोळे एकदम त्या काळच्या हिरॉइनींसारखे, काजळ-बिजळ घातलेले. डाव्या टोकाला एदेन बाग, उजव्या टोकाला नवं आकाश नवी पृथ्वी, आणि मधे सात मोठे गोल. निर्दोषपणाचा काळ, आदाम पाप करेपर्यंत. मग विवेकाचा, जलप्रलयापर्यंत. मग माणसाच्या राज्यकारभाराचा, बाबेलच्या बुरुजापर्यंत. मग अब्राहामापासून अभिवचनाचा, मोशेपासून नियमशास्त्राचा, सहावा कृपेचा म्हणजे आपला, आणि सातवा ख्रिस्ताच्या पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याचा. प्रत्येक गोलाच्या शेवटी एक लाल आडवी रेघ, म्हणजे माणूस इथं नापास झाला आणि देवानं न्याय केला. सहाव्या गोलाच्या शेवटी मात्र लाल रेघेच्या आधी एक पिवळा बाण थेट वर, ढगात. तो बाण म्हणजे रॅप्चर, शेवटच्या महासंकटाच्या आधी प्रभू आपल्या लोकांना ढगात उचलून घेणार ते. बाणाच्या टोकाशी पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका आणि धोतरवाले पुरुष वर चाललेत. पेंटरनं एक म्हैस पण वर चाललेली काढली होती, चुकून का मुद्दाम कोण जाणे, मामांनी नंतर तिच्यावर ढग रंगवून घेतला, पण शिंगं दिसायचीच.

मामा त्याला 'सात कारभार' म्हणायचे. आता कळतं की शब्द किती अचूक होता. इंग्रजीत ज्याला डिस्पेन्सेशन म्हणतात त्याच्या मागचा ग्रीक शब्द ओइकोनोमिया, म्हणजे घराचा कारभार, कारभाऱ्यानं मालकाच्या वतीनं चालवलेला. मालक तोच, कारभाराचे नियम काळाप्रमाणे बदलतात. मामांना ग्रीक येत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की मळ्यात कारभारी बदलला की रोजाचा हिशोब बदलतो.

शेजारचे अप्पा, वारकरी माणूस, चार्ट बघायला नेहमी यायचे, तेवढीच करमणूक. एकदा म्हणाले, अहो हे तर आमचंच सत्य, त्रेता, द्वापर, कली, तुम्ही तीन वाढवले फक्त. मामा म्हणाले, "अप्पा, तुमचं युग फिरून येतंय. हे फिरून येत न्हाई. हुकलं की हुकलं." अप्पा म्हणाले मग आमचंच बरंय की.

हे सगळं आलं कुठून? लहानपणी मला वाटायचं बायबलमध्येच असा चार्ट असेल कुठंतरी शेवटच्या पानावर. मोठा झाल्यावर कळलं की ही मांडणी एवढी जुनी नाहीच. जॉन नेल्सन डार्बी, १८०० ते १८८२, आयर्लंडमधला अँग्लिकन पाद्री, १८२७ ला घोड्यावरच्या अपघातात जायबंदी होऊन अंथरुणाला खिळला आणि पडल्या पडल्या शास्त्र वाचताना त्याचं मत बनत गेलं की इस्राएल वेगळं आणि मंडळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा समाज, वेगळी, दोघांसाठी देवाच्या योजना वेगळ्या. तो पुढं प्लिमथ ब्रदरन नावाच्या प्रोटेस्टंट पंथाचा मोठा माणूस झाला. याच ब्रदरन लोकांपैकी अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज १८३३ ला हिंदुस्थानात आला आणि त्याच्या ओढीनं आलेले मिशनरी गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात जाऊन बसले. म्हणजे आपल्या पैठणवरून, नांदेडवरून जाणारी गोदावरी जिथं समुद्राला मिळते तिथं हे लोक डार्बीच्या हयातीतच पोचलेले, आणि आमच्याकडं ते शिक्षण आलं ते मात्र रेल्वेनं, हैदराबादकडून, नदीच्या उलट दिशेनं.

पण खरा प्रसार केला तो सायरस स्कोफील्डनं. अमेरिकन, आधी वकील, नंतर पाद्री. १९०९ ला त्याचं रेफरन्स बायबल ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं छापलं, १९१७ ला सुधारून पुन्हा. त्यातली युक्ती अशी की वर देवाचं वचन आणि त्याच पानावर खाली स्कोफील्डच्या टिपा. पुढं १९१८ ला क्लॅरेन्स लार्किन नावाच्या माणसानं, तो आधी मेकॅनिकल इंजिनिअर, याचे मोठमोठे नकाशे काढून छापले, मामांचा चार्ट त्याच घराण्यातला. आणि १९२४ ला डॅलसमध्ये सेमिनरी निघाली जिथून ही शिकवण घेऊन पाळक बाहेर पडत राहिले.

मामांकडं स्कोफील्डचं एक जुनं बायबल होतं, कुण्या मिशनरीनं जाताना दिलेलं, वाळवीनं एक कोपरा खाल्लेलं. सातवी पास माणूस, शेजारी इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेऊन कंदिलात एकेक टीप बोटानं वाचायचा. मला वाटतं इथंच सगळी गोम आहे. आपलं मराठी बायबल बायबल सोसायटीचं, आणि त्यांचा पहिल्यापासून नियम की टीप नाही, भाष्य नाही, नुसतं वचन. तत्त्व म्हणून भारी आहे, पण उपाशी माणसाला नुसता गहू दिल्यासारखं. यहेज्केल वाचून, दानीएल वाचून डोकं गरगरतं आणि विचारायला कुणी नाही, पाळकसाहेब चार महिन्यांतून एकदा फिरकणार. अशा वेळी पानाच्या खाली कुणीतरी शांतपणे समजावून सांगतंय म्हणल्यावर ती रेघ, वचन आणि टिपेच्या मधली रेघ, हळूहळू पुसत जाते. मामा कधी कधी 'शास्त्रात लिहिलंय' म्हणून जे सांगायचे ते स्कोफील्डनं लिहिलेलं असायचं. हे मला पंचवीस वर्षांनी कळलं आणि थोडं वाईटही वाटलं.

तरी मी त्यांना अडाणी म्हणणार नाही, आणि शहरातले आमचे काही शिकलेले ख्रिस्ती जसं या लोकांना हसतात तसं हसणार तर मुळीच नाही. कारण त्यांच्या शब्दशः वाचण्यात एक सचोटी होती. त्यांचं म्हणणं साधं: मीखा संदेष्ट्यानं सांगितलं बेथलेहेम तर जन्म बेथलेहेमातच झाला, जखऱ्यानं सांगितलं शिंगरू तर शिंगरूच आणलं, तीस रुपये सांगितले तर तीसच मोजले. येशू पहिल्यांदा आला तेव्हा सगळं अक्षरशः आणि दुसऱ्यांदा येईल तेव्हा मात्र 'आध्यात्मिक अर्थानं'? कामून? आणि ही माणसं काही 'मी दार आहे' वाचून येशूला बिजागऱ्या शोधत नव्हती. चार्ल्स रायरी या अमेरिकन धर्मपंडितानं १९६५ मध्ये याचीच नीट मांडणी केलीय, की शब्दशः म्हणजे सरळ, नेहमीचा अर्थ, आणि अलंकार असेल तिथं तो अलंकार म्हणूनच घ्यायचा.

आणि अब्राहामाची जमीन. यावर मामा जे बोलायचे ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही. उत्पत्ती १५ मध्ये देव अब्राहामाला मिसरच्या नदीपासून फरात नदीपर्यंतची जमीन देतो, चतुःसीमा सांगून. मामा म्हणायचे, "हा सातबारा हाय. मालकाचं नाव लिहिलेलं हाय. आता दोन हजार वर्षांनी चर्चवाले म्हणतेत की इस्राएल म्हणजे आम्हीच. आरं पण फेरफार कधी झाला? कुणाच्या सहीनं झाला? फेरफाराबिगर नाव चढतंय व्हय?" समोर बसलेले सगळे भूमिहीन, ज्याच्या नावावर सातबारा नसतो त्याला सातबाऱ्याचा कायदा तोंडपाठ असतो, सगळ्यांच्या माना हलायच्या. दुसऱ्याच्या जमिनीवर आपलं नाव लावणारे त्यांनी आयुष्यभर बघितलेले. त्यामुळं मंडळीनं इस्राएलचं वतन आध्यात्मिक करून आपल्या खिशात घालणं त्यांना साधं धर्मशास्त्र वाटायचं नाही, ते त्यांना पाटीलकीचं वाटायचं.

दानीएलाच्या पुस्तकातली सत्तर सप्तकं, म्हणजे सात-सात वर्षांचे गट, समजावताना रेल्वेचं उदाहरण. आमची लाइन तेव्हा मीटरगेज, सिंगल, क्रॉसिंगला गाडी तास तास उभी. हिशोब असा की सत्तर सप्तकं म्हणजे ४९० वर्षं, त्यातली ६९ मशीहापर्यंत संपली. वर्ष ३६० दिवसांचं धरून ४८३ गुणिले ३६०, म्हणजे १,७३,८८० दिवस. हे गणित रॉबर्ट अँडरसननं मांडलेलं, हा गृहस्थ स्कॉटलंड यार्डात बडा अधिकारी, जॅक द रिपरच्या केसच्या वेळचा, तो खुनी काही सापडला नाही पण हे दिवस मात्र त्यानं बरोबर मोजले असं मामांचं मत. मग सत्तरावं सप्तक? ते थांबलंय. "इस्राएलची पॅसेंजर लूप लाइनला लावलीया. मेन लाइनवरून मंडळीची एक्सप्रेस जायलीय. ती वर गेली की सिग्नल पडंल, मग सात वर्षं महासंकट, मग प्रभू येईल." इतकं सोपं मी सेमिनरीवाल्यांकडूनसुद्धा ऐकलं नाही.

१९८८ मध्ये मी अकरा वर्षांचा. १४ मे १९४८ ला इस्राएल उभं राहिलं, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामातून सुटलो, आमच्या आजोबांच्या डोक्यात या दोन गोष्टी कायम एकमेकींना चिकटलेल्या, एकाच वर्षी देवानं दोघांना सोडवलं म्हणायचे. आता मत्तय २४ मध्ये अंजिराच्या झाडाला पालवी फुटली की ही पिढी संपायच्या आत सगळं होईल असं आहे. अंजीर म्हणजे इस्राएल धरलं, पिढी म्हणजे ४० वर्षं धरली, की ४८ अधिक ४०. अमेरिकेत एडगर व्हिझेनंट नावाच्या, पूर्वी नासात इंजिनिअर असलेल्या माणसानं त्या वर्षी रॅप्चर होणार याची ८८ कारणं छापली, तारीखसुद्धा, ११ ते १३ सप्टेंबर. आमच्याकडं ते कुठून तरी ऐकीव आलं. मी त्या आठवड्यात शाळेतून घरी आलो तर घर उघडं, चुलीवर भाजी, आणि माणूस नाही एक. शेजारीही कुणी नाही. आई, आजी, मावशी, सगळ्या गायब. मी ओसरीवर बसून मोठ्यानं रडलो, कारण शाळेत आदल्या दिवशी पेन्सिल चोरली होती, म्हणजे मी मागं राहणार हे पक्कंच होतं. मग लांबून घागरींचा आवाज आला. टँकर आला होता.

मामांनी मात्र तारीख कधीच मानली नाही. तो दिवस, ती घटका कुणालाच ठाऊक नाही, असं लिहिलंय, संपलं. शब्दशः म्हणजे शब्दशः. व्हिझेनंटची पळवाट होती की दिवस-घटका नाही पण आठवडा तर सांगता येईल ना, त्यावर मामांनी नुसतं नाक मुरडलं होतं.

मग ९३. ३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती विसर्जन, लोक दमून झोपलेले. किल्लारी. धोंडा-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, घरंच माणसांवर पडली, हजारो गेली. आमच्या मंडळीतून चादरी, भाकरी, चटणी भरून ट्रक गेला, मामा त्यात होते, मी सोळा वर्षांचा, मी पण. सवयीनं चार्ट ट्रकमध्ये होता. तिथं दुसरीकडून आलेला एक उपदेशक पत्र्याच्या शेडसमोर उभा राहून सांगत होता की हे चिन्ह आहे, ठिकठिकाणी भूमिकंप होतील असं लिहिलंय, शेवट जवळ आलाय. समोर एक बाई बसलेली, तिचं लक्षच नव्हतं, ती नुसती चादरीची घडी घालत होती आणि मोडत होती. मला वाटलं आता मामा चार्ट काढणार. त्यांनी काढला नाही. दिवसभर धोंडे उचलले. परतताना मी विचारलं तर म्हणाले, "त्येच्याच पुढं वाच. ह्या सगळ्या गोष्टी वेदनांचा प्रारंभ. प्रारंभ लिहिलंय. आन् त्येच्या आधी लिहिलंय एवढ्यानं शेवट होत न्हाई. त्यो मानूस अर्धंच वाचायलाय." आणि मग परतूर येईपर्यंत एक शब्द नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांनी मान वर करून स्वतःच्या माळवदाकडं बघितलं.

चार्ट तुळईला बांधला गेला तो त्याच सुमाराला, असं मामी सांगते.

मी पुढं शिकायला बाहेर पडलो, औरंगाबादला (आता संभाजीनगर, जीभ वळत नाही अजून) नोकरीला लागलो, तिथल्या चर्चमध्ये एक पाळकसाहेब बुधवारी अभ्यासवर्ग घ्यायचे. ते जुन्या मिशनच्या वळणाचे, त्यांना चार्ट-बिर्ट काही मान्य नाही. प्रकटीकरण २० मधली हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताचं आत्ताचंच राज्य, ऑगस्टीनपासून चालत आलेलं मत. मी मामांच्या बाजूनं भांडायचो. म्हणायचो, अहो पण ऑगस्टीनच्या आधीचे जस्टिन मार्टर, इरेनियस हे हजार वर्षं खरीच मानत होते ना? ते म्हणाले, मानत होते, पण महासंकटाच्या आधी मंडळी गुपचूप उचलली जाईल हे त्यातल्या कुणी लिहिलंय का दाखव. दाखवता आलं नाही. दोन वेगळ्या गोष्टी मी एकाच पोत्यात भरत होतो.

मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं. शब्दशः वाचणाऱ्यानं दानीएल ९ च्या सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या वचनाच्या मधे दोन हजार वर्षं बसवली, ती वचनात कुठं आहेत? स्कोफील्डनं तर उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मधेही एक भलीमोठी पोकळी धरलीय, समासात छापलेलं ख्रिस्तपूर्व ४००४ तसंच ठेवून. पेटी भरताना कपडे मावेनात की आपण पेटी मोठी करतो तसं. आणखी गंमत, स्कोफील्डच्या १८८८ च्या पुस्तिकेचं नावच २ तीमथ्य २:१५ वरून, सत्याच्या वचनाचे बरोबर 'भाग पाडणे', जुन्या इंग्रजी भाषांतरात तसा शब्द आहे, त्या एका शब्दावर अख्ख्या शास्त्राचे तुकडे करायची परवानगी निघाली. आपल्या मराठीत तिथं आहे 'सत्याचे वचन नीट सांगणारा'. भाग नाहीत, तुकडे नाहीत. मामा जर आधी मराठीच वाचत बसले असते तर चार्टला सात गोल आलेच नसते कदाचित.

सातबाऱ्याला मात्र उत्तर सापडायला वेळ लागला. गलतीकरांस पत्र ३:२९, ख्रिस्ताचे असाल तर अब्राहामाचे संतान आणि वारस. हा फेरफार मालकाचं नाव कमी करून केलेला नाही, ही वारसाची नोंद आहे, जुनं नाव तसंच ठेवून खाली नावं वाढलीत. रोमकरांस ११ मध्ये तर पौलानं सरळ कलमाचंच उदाहरण दिलंय, एकच जैतुनाचं झाड, रानटी फांद्या त्यात कलम केल्या. एक झाड. दोन नव्हेत. मी हे मामांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी पहिली हरकत काय घेतली माहितीये? "पौलाला कलम येत नव्हतं. रानटी खुंट खाली घेतेत, चांगला डोळा वर. त्येनं उलटं केलंय." मी म्हणलं अहो तो स्वतःच म्हणतो तिथं की हे निसर्गाच्या उलट आहे. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मंग ठीक हाय. त्येला माहीत व्हतं म्हंजे."

आता त्या पिवळ्या बाणाकडं येतो. १ थेस्सलनीकाकरांस ४:१७. अख्खा रॅप्चर ज्याच्यावर उभा आहे ते वचन. आपल्या बायबलात आहे की जिवंत उरलेले आपण प्रभूला सामोरे होण्यासाठी मेघारूढ असे अंतराळात घेतले जाऊ. 'मेघारूढ' शब्दाच्या प्रेमात मी लहानपणापासून, पण 'सामोरे'कडं कधी लक्षच गेलं नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, मी एक शब्द बघायला बसलो तर माझा महिना गेला. ग्रीक शब्द अपान्तेसिस. नव्या करारात तो मोजक्या ठिकाणी येतो. दहा कुमारींच्या दाखल्यात, नवरा आला, त्याला सामोऱ्या चला. आणि प्रेषितांच्या कृत्यांत २८ मध्ये, पौल रोमला येतोय कळल्यावर तिथले बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला घ्यायला येतात. आता सांगा, ते बंधू पौलाला भेटून पौलासोबत परत मागं कुठं गेले का? नाही, त्याला घेऊन रोमला आले. कुमारी नवऱ्याबरोबर उलट्या दिशेनं चालत्या झाल्या का? नाही, लग्नघरात आत गेल्या.

आपल्याकडं हे समजावून सांगायची गरजच नाही. वऱ्हाड आलं की आपण शिवेपर्यंत जातो, सीमांतपूजन करतो, ओवाळतो, वाजत गाजत मांडवात आणतो. पालखी आली की गाव वेशीबाहेर जातं आणि पालखीला घेऊन गावात येतं. सामोरं जाणं म्हणजेच घेऊन येणं. सामोरं जाऊन पाहुण्याच्याच गाडीत बसून त्याच्या गावाला निघून जाणं याला मराठीत सामोरं जाणं म्हणत नाहीत, त्याला दुसरं काहीतरी म्हणतात. म्हणजे शब्दशः वाचलं, अगदी मामांच्या पद्धतीनं शब्दशः, तर बाण वर जाऊन तिथंच थांबत नाही, वळून खाली येतो. राजा येतोय, प्रजा शिवेवर गेली, त्याला घेऊन आली. सात वर्षं वर राहून खालचं महासंकट गॅलरीतून बघणं वगैरे त्या वचनात नाही. ते चार्टात आहे.

हे घेऊन मी त्या रविवारी गेलो. अंगणात बाजेवर चार्ट पसरला, घडीवर घडी राहून कापड फाटलेलं, रंगाचे पोपडे, म्हशीवरचा ढग पूर्ण उडालेला आणि म्हैस बिनधास्त वर चाललेली. मामा आता अठ्ठ्याहत्तरचे, एका डोळ्यात मोतीबिंदू झालाय, तोंड जवळ नेऊन एकेक गोल बघत होते. मी सगळं सांगितलं, ग्रीकसकट. शीव, वऱ्हाड, पालखी. मला वाटलं चिडतील नाहीतर उदास होतील, इतकी वर्षं सायकलवर वाहिलेली गोष्ट आहे शेवटी.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "शिवेवर सामोरं जातेत, मांडवात आनतेत. खरं हाय. मला हे दिसलंच न्हाई कधी." मग सुपारी कातरत कातरत, "पन लगीन लागल्यावर नवरी कुठं जाती रं?"

मी गप्प.

"योहान चौदा. माझ्या बापाच्या घरात राहायच्या जागा पुष्कळ. मी येऊन तुमाला घेऊन जाईन. सासरी जानार न्हाई का मंडळी? का आयुष्यभर माहेरीच?"

मी घाईघाईनं प्रकटीकरण २१ काढलं, की बघा मामा, पवित्र नगरी नवरीसारखी नटून स्वर्गातून खाली उतरते, आणि देव माणसांजवळ वस्ती करतो, म्हणजे तोच इकडं राहायला येतो.

मामांनी सुपारी तोंडात टाकली, मामीकडं बघितलं आणि म्हणाले, "आगं ऐकलं का, भाचा म्हनायलाय देव घरजावई व्हनार हाय."

मामी म्हणाली, तो काय करायचा ते करंल, आधी ती बाज मोकळी करा, मिरच्या वाळत घालायच्यात.